हाउसवाइफ ओन्ली

भिंतीच्या ताज्या ऑइलपेंटचा वास आला की मला अजून एक खोली आठवते. कोपरगावच्या एका इंग्रजी शाळेत लेकीच्या प्रवेशासाठी आम्हा नवरा-बायकोची मुलाखत होती, तेव्हा त्या खोलीला तोच वास होता. आई-बाप इंग्रजी बोलले तरच पोर घेतात, असं गावात म्हणत. बायकोनं भाकरी थापता थापता वाक्यं घोकली होती. मॅडमनी विचारलं तशी ती पदर सावरून म्हणाली, “आय ॲम हाउसवाइफ ओन्ली. आय टीच हर डेली.” मॅडम हसून मान हलवत होत्या, घाम मलाच फुटला. “ओन्ली नको तिथं,” मी पुटपुटलो आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला, तेव्हा ती मान खाली घालून म्हणाली, “ह्यांनाच इचारा. ह्यांना समदं येतंय.” गेटबाहेर आल्यावर तिनं एवढंच विचारलं, “माझ्यामुळं घेनार न्हाईत का वो तिला?” लेकीला घेतलं. आता लेक पुण्यात नोकरी करते, रोज आईला फोन करते. परवा दाराशी चप्पल काढताना मला आतून बायकोचं इंग्रजी ऐकू आलं. ती लेकीशी भरभर, हसत बोलत होती. मी आत पाऊल टाकलं, तशी ती मराठीत बोलू लागली.