दाराकडं पाठ केलेला हत्ती

थोरल्या बहिणीच्या लग्नात मी दाराशेजारी हत्ती काढला आणि त्याचं ढुंगण दाराकडं आलं.

आळंदला तेव्हा लग्नघराच्या भिंती रंगवायचे. दाराच्या दोन्ही अंगांना दोन हत्ती, सोंडा दाराकडं, येणाऱ्याला या-बसा म्हणणारे. आमच्या गल्लीत हे काम शेजारच्या अक्कांचं; मला त्या कानडीत तम्मा म्हणायच्या, धाकटा भाऊ. चुन्याच्या भिंतीवर काव आणि नीळ, हातात टोक ठेचलेली खजुराची काडी. त्यांचा हत्ती म्हणजे चार खांबांवर ठेवलेली कणगी, आणि दोन्ही डोळे एकाच गालावर.

"अक्का, ह्या बाजूनं हत्तीचा एकच डोळा दिसतो," मी शहाणपण केलं.

"मग दुसऱ्यानं त्यानं काय भिंतीत बघायचं का, तम्मा?"

डावा हत्ती उरकून अक्का दुबलगुंडीला, माहेरी गेल्या. "लग्नाच्या सकाळी येऊन उजवा काढते. तू हात लावू नको," म्हणाल्या. म्हणजे मी लावणारच.

मी नवाच लागलेला गणिताचा मास्तर. जन्मात चित्र काढलेलं नव्हतं, पण नक्कल करायला काय लागतं? सुतळीला गाठी मारल्या आणि अक्कांचा हत्ती मोजून घेतला. सोंड नऊ गाठी, पोट चौदा. पहिल्या पायाला रेघ तीनदा गिरवली, चौथ्याला एका दमात सरळ आली. तेव्हाचा आनंद काय सांगू! ज्यांना नावं ठेवली होती ते दोन डोळेही इमानानं एकाच गालावर बसवले. सगळं गाठीला गाठ जुळलं, तोंडाची दिशासुद्धा.

लग्नाच्या सकाळी आमचे वडील, अप्पा, बाहेर आले.

"एक हत्ती या म्हणायलाय. दुसरा कामून निघून चाललाय रे?"

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. व्याही उमरग्याचे, मानपानाला कडक. मागं एका लग्नात डाव्या हातानं विडा दिला म्हणून भरल्या ताटावरून उठलेले. इथं तर हत्तीच पाठ दाखवत होता. हळदीच्या अंगानं बहीण रडायला लागली. "माझं लग्न मोडलं तर त्या हत्तीवरच बसवून तुला गावातनं काढते!"

तेवढ्यात अक्का आल्या. बघितलं आणि ओट्यावर बसून पोट धरून हसल्या. वर चुना फिरवून नवा काढावा, तर वाळायला वेळ नव्हता.

"चारी पाय सारखेच काढलास ते बरं केलास. मागचं पुढं करू."

शेपटीची सोंड झाली. ढुंगणाला कान, सुळा आणि अर्थातच दोन डोळे आले. जुन्या तोंडावर त्यांनी निळी झूल ओढली. जुनी सोंड तेवढी झुलीबाहेर लोंबत राहिली.

"ही शेपूट," अक्का म्हणाल्या.

"एवढी जाड?"

"खात्यापित्या घरचा हाय म्हण."

वऱ्हाड आलं. व्याही नेमके उजव्या हत्तीपुढं थांबले. दाराआड बहिणीच्या बांगड्यासुद्धा वाजेनात. व्याह्यांनी सोंड बघितली, शेपूट बघितली, परत सोंड बघितली.

"ही शेपूट कुणाच्या हातची?"

अख्ख्या गल्लीनं माझ्याकडं बोट केलं.

"नवरीचा भाऊ व्हय?"

"व्हय जी," मी म्हणालो.

व्याह्यांच्या मिशा हलायला लागल्या. उंबरा ओलांडून ते आत आले आणि अप्पांच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरगी बघायला आलो तवा ह्याला कुठं लपवून ठेवलं होतं हो तुम्ही?"