मिक्सरवाल्याने फुकट शिकवलं

शनिवार, सकाळी अकरा. हजर: घाटकोपरच्या फुटपाथवरचा मिक्सर दुरुस्त करणारा, एक मालवणी मावशी आणि माझा बंद मिक्सर घेऊन मी.

माझ्या ऑनलाइन दुकानात मिक्सर-कुकरचे फोटो आणि मोठ्या दुकानांच्या लिंका होत्या. लिंकवरून कोणी खरेदी केली की मला कमिशन. तीन महिन्यांत एकही गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून महिनाअखेर दुकान बंद करायचं नवऱ्याने ठरवलं होतं.

मिक्सरवाल्याने मावशींच्या मिक्सरचं पातं अंगठ्याने फिरवलं, मोटर हुंगली. "चांगला आहे. खोबरं वाटताना पाणी घाला ना, मावशी!"

"मेल्या, फुकट शिकवतंस? मग धंदो कसो करतलंस?"

"शिकवलं की लोक थांबतात," तो म्हणाला.

मावशी थांबल्याच, आणि जाताना त्याच्याकडून चटणीचं नवीन भांडं विकत घेऊन गेल्या. माझ्या दुकानात सांगणारं कोणी नव्हतं.

त्याच दुपारी मी दुकानाला ब्लॉग जोडला. पहिला लेख: खोबरं वाटताना मिक्सर का अडतो. मंगळवारी पहिला मिक्सर खपला, रविवारपर्यंत चार! नवऱ्याला म्हटलं, "आता बंद करून दाखव!"

एका वाचक बाईंनी विचारलंय, जळत आलेल्या मोटरचा वास कसा ओळखायचा? लेखांच्या यादीत तेवढंच बाकी आहे. मिक्सरवाल्याकडे जायचंय.