पुसलेला बाण

दाजींचा फोन आला तेव्हा मी आमच्या कोल्ड स्टोरेजच्या दारात उभा राहून तापमान बघत होतो. बारामतीच्या दवाखान्यातून ते एवढंच म्हणाले, "बापू, तुझी आक्का गेली रे..." आणि माझ्या तोंडून काय निघावं? "दाजी, चार अंशावर हाय म्हणावं, तिला सांगा." बहीण गेल्याची बातमी कानावर पडली होती आणि मी तिलाच निरोप देत होतो. गेले काही महिने आमचं बोलणं तिथूनच सुरू व्हायचं, त्यामुळे जिभेला तेच वळण पडलं होतं. आता दीडेक महिना झाला. घरचे म्हणतात, बापू, आता तरी काळजी सोड. पण काळजी सोडायची म्हणजे नेमकं काय करायचं असतं, हे मला उभ्या जन्मात कुणी शिकवलेलं नाही.

आक्का माझी थोरली बहीण. आम्ही इंदापूरकडचे, समुद्राशी आमचा संबंध मिठापुरता. तरी ही बाई समुद्राच्या तळाचा गाळ अभ्यासण्यात सगळी हयात घालवून आली. किनारा संपला की समुद्र लगेच खोल होत नाही. आधी लांबवर उथळ, पाण्याखाली गेलेली जमीन असते. तिला भूखंडमंच म्हणतात. त्यावरचा अलीकडचा गाळ हा तिचा विषय. अलीकडचा म्हणजे तिच्या हिशेबात दहा-वीस हजार वर्षांचा! वडील पाहुण्यांना सांगायचे, "पोरगी लई शिकली, पर शेवटी चिखलातच गेली. मग आमचं रान काय वाईट हुतं?" आक्का सगळ्यांत मोठ्याने हसायची.

हे काम एका देशाचं नव्हतं. चार-पाच देशांची माणसं एका जहाजावर जायची, तळात लांब नळ्या खुपसून गाळ वर काढायची. मग प्रत्येक नळी उभी चिरायची. एक अर्धा भाग परदेशातल्या प्रयोगशाळांत जायचा, दुसरा इथे हात न लावता थंडाव्यात ठेवायचा. वाद पडलाच तर सगळ्यांनी एकत्र बसून तो राखलेला अर्धा उघडायचा. भावकीच्या वाटणीत पंच आल्याशिवाय पेटीचं कुलूप काढत नाहीत, तसाच हा रिवाज.

आणि वाद पडला. एका नळीत वरचा गाळ जुना निघाला, खालचा नवा. जगात सगळीकडे याच्या उलट असतं. पीटर नावाचा हॉलंडचा शास्त्रज्ञ, आक्काचा जुना सोबती, तो म्हणाला की नळीच कुणीतरी उलटी ठेवली असणार. आक्का म्हणाली, नळी सुलटीच आहे. वर चढणाऱ्या समुद्राने जुना गाळ उकरून नव्यावर आणून टाकलाय. हे तिला पुस्तकातून सुचलं नव्हतं. आमचं जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की आम्ही ते बघायला जायचो. एकदा तिने मला हाताला धरून थांबवलं. "हितं बघ बापू. खाली औंदाचा गाळ, आन् त्याच्यावर गावाची पांढरी. लाटांनी घरांची माती कापून वर आणून घातलीया." घराच्या भिंतींची ती पांढरी माती, शंभर वर्षांची तरी असेल, नव्या काळ्या गाळावर खरोखरच पसरली होती. मला तिथे आमचं बुडालेलं घर दिसत होतं आणि हिला थर दिसत होते. तेव्हा मला तिचा रागच आला होता.

राखलेल्या अर्ध्याच्या वेष्टनावर जहाजाच्या डेकवरच आक्काने स्वतःच्या हाताने बाण काढला होता, वरची बाजू दाखवणारा. एरवी दोन टोकांना दोन रंगांची झाकणं असतात, त्या खेपेला एकाच रंगाची मिळाली म्हणून पेन वापरलं. परदेशी गेलेल्या अर्ध्याचं वेष्टन तपासणीत कधीच फेकलं गेलं होतं, त्यामुळे सगळा वाद या एका बाणावर येऊन थांबला होता. पीटर आणि बाकीचे येऊन बघणार होते. तेवढ्यात तिच्या संस्थेची थंड खोली दुरुस्तीला निघाली, आणि आक्काला आठवला द्राक्षवाला भाऊ. हंगाम संपत आला होता, माझी एक खोली रिकामी होती. मी हो म्हणालो आणि त्या दिवसापासून माझी झोप गेली. लाईट गेली तर? जनरेटर सुरूच झाला नाही तर? जास्त गार होऊन गाळ गोठला तर?

जे झालं ते मात्र माझ्या काळजीच्या यादीत नव्हतंच. आमचा माल परदेशी जातो, त्यामुळे धुतल्या-पुसल्याशिवाय एकही वस्तू आत न्यायची नाही, हा आमच्याकडे देवघरासारखा नियम. टेम्पो आला तेव्हा मी बारामतीला होतो. पॅकिंगच्या बायकांची मुकादम शेवंतामावशी. तिने चिखलाचे डाग पडलेल्या नळ्या पाहिल्या आणि पाइप लावून एकेक स्वच्छ धुऊन, कोरड्या फडक्याने पुसून आत लावल्या. अगदी लखलखीत. मी आलो तेव्हा कौतुकाच्या अपेक्षेने दारात उभी होती.

आक्काचा आजार तेव्हा नुकताच कळला होता. ती गाडी करून आली, शाल गुंडाळून खोलीत गेली, नळी फिरवून फिरवून पाहिली. शाईचा मागमूस नव्हता. शेवंतामावशी रडायला लागली. आक्का तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तुमी तुमचं काम चोख केलं. पाण्यानं जाणाऱ्या शाईनं लिवलं, ती चूक आमची." मी तिला बाजूला घेतलं. "आक्के, तुला तर ठावं हाय ना वरली बाजू कुठली? काढ की पुन्यांदा बाण. कुणाला कळतंय?"

"मला ठावं न्हाय, बापू. मला वाटतंय. आन् मला जे वाटतंय तेच तर सिद्ध करायचं हाय."

त्याच संध्याकाळी तिने माझ्याच ऑफिसातून सगळ्यांना कॉल लावला आणि झालं ते सांगून टाकलं. द्राक्षांच्या धंद्यामुळे मला तेवढं इंग्रजी कळतं. मग पीटर म्हणाला, आम्ही ठरल्याप्रमाणे येतो, आतल्या गाळातच काही खूण सापडते का बघू. किडे-गोगलगायी वरून खाली बिळं करतात, एखादं बीळ नीट शाबूत असलं तरी पुरे. त्या एका बिळावर आक्का पुढचे महिने जगली. दवाखान्यात गेलो की आधी विचारायची, "किती हाय?" मी म्हणायचो, चार. "मग असं घाबऱ्यावानी तोंड का केलंस?" आता तिला काय सांगणार... एका डोळ्याने मी काटा बघत होतो आणि दुसऱ्याने तिला, आणि माझ्या हातात फक्त काटा होता.

गेल्या आठवड्यात ते लोक आले. पॅकिंगच्या टेबलावर नळी उघडली. शेवंतामावशी भिंतीला टेकून उभी, मी तिच्या शेजारी. पीटरने त्याच्याकडच्या अर्ध्याचे फोटो शेजारी मांडले. शिंपल्यांची प्रत्येक रेघ तंतोतंत जुळली. पण दोन्ही अर्धे मिळून सुलटे आहेत की उलटे, हे कोण सांगणार? भिंग घेऊन ते दुपारभर वाकून होते. बिळं होती, पण सगळी चेपलेली, दिशा न सांगणारी. शेवटी पीटर चष्मा काढून म्हणाला, "माझा तिच्यावर विश्वास आहे. पण विश्वास मला लिहिता येत नाही." मग तो हळू आवाजात म्हणाला, "तिने पुन्हा बाण काढला असता तर मी तो मान्य केला असता. आता आम्हाला त्याच जागी परत जहाज न्यावं लागेल." आणि ते नेणार आहेत, पावसाळा सरला की. मी त्याला विचारलं, दुसऱ्या नळीत तसं निघालं नाही तर? तो म्हणाला, "तर ती चुकली, असं मी लिहीन. तिनेही तेच लिहिलं असतं." मला त्याचा राग यायला हवा होता. पण त्या क्षणी मला तो आमच्या घरचाच वाटला.

बाकीच्या नळ्या ते घेऊन गेले. ही एक आता कुणाच्या कामाची नाही, टाकून दिली तरी चालेल, असं सांगून गेले. मी ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून पुन्हा फळीवर ठेवली. परवा शेवंतामावशी म्हणाली, "बापू, एवढ्याशा चिखलापायी आख्खी खोली गार ठिवायची व्हय?" मी आत जाऊन तापमान बघितलं. चार होतं. बाहेर आलो, मोबाईल काढला, आक्काचा नंबर लावला... आणि पलीकडे रिंग वाजायला लागल्यावर भानावर आलो. फोन दाजींनी उचलला. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "बापू, किती हाय?"