सुनेचं सूत, पोराचं सूत

धुंग-धुंग, धुंग-धुंग. पिंजणाच्या तातीचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. आमच्या कुंभार पिंपळगावात मेंढरांची कातरणी झाली की गुलाबबी पिंजारीण आपली धनुकली घेऊन आमच्या ओट्यावर लोकर पिंजायला बसायची. आवाज ऐकला की आळीतल्या बाया आपापली चाती घेऊन जमायच्या. चाती म्हणजे लोकर कातायची हातातली टकळी. पिंजलेल्या लोकरीचे पुंजके कितीही झाडा, कोपऱ्यात पुन्हा जमतात. त्या ओट्यावरच्या गोष्टींचंही तसंच. मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. आठवतील तशा सांगतो.

सगळं निजामाच्या राज्यातलं. वडील लवकर गेले, म्हणून घर आईच्या शब्दावर चालायचं. ओट्यावर तिघी कायमच्या : माझी आई, गुलाबबी आणि माझी काशीआत्या. ओट्याचा नियम एकच. तोंड कितीही चालू दे, चाती थांबता कामा नये!

एकदा भर दुपारी आत्याला डुलकी लागली. डुलकी कसली, चांगली घोरत होती! बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

आई म्हणाली, "वन्सं, झोपल्या का?"

आत्यानं डोळे उघडले नाहीत. म्हणाली, "झोपल्ते. पण तार तुटली का? न्हाई ना? मंग गप बसा!"

*

एकदा जालन्याहून खादीची टोपी घातलेला एक भला तरुण आला. गावोगाव हिंडून लोकांना सूत कातायला सांगायचा. आमच्या ओट्यासमोर उभा राहून तो बराच वेळ बोलला. कातण्यानं मन शांत होतं, कातण्यानं देश उभा राहतो. बाया कातता कातता ऐकत होत्या.

त्याचं बोलून झालं तशी आईनं आपली चाती त्याच्या हातात दिली. "दाखीव बरं, बाबा."

बिचाऱ्यानं चार वेळा तार काढली, चार वेळा तुटली. पाचव्यांदा चाती त्याच्याच पायावर पडली.

आईनं ती उचलून घेतली आणि मायेनं म्हणाली, "तू सुराज्य आण, लेकरा. कातायचं आम्ही बघतो."

तो जेवूनच गेला. भला माणूस होता.

*

मग माझं लग्न झालं. बायको तीर्थपुरीची, भागीरथी. सगळे भागी म्हणायचे. लहानपणी चुलीत हात पडून तिच्या उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटली होती. त्याच हातानं ती भाकरी थापायची, धारा काढायची. कुठं अडत नव्हतं. पण चातीला चिमटीनं पीळ द्यावा लागतो, तो तिला जमेना. तार कुठं दोरीसारखी जाड, कुठं केसासारखी बारीक.

आत्या पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "माझ्या सासरी अशीच एक सून आल्ती. सहा महिन्यांत माहेरी पोचती केली. धनगराच्या घरात न कातणारी सून म्हंजे बिनदुधाची शेळी!"

भागी घरात आल्यावर मला म्हणाली, "मला परत पाठवलं तर माझ्या धाकट्या बहिणीला कुणी करून घ्यायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मेंढरांमागं जाताना तिच्या वाटणीची लोकर मी माझ्या झोळीत टाकली.

*

मेंढरांमागं चालता चालता आम्ही सगळेच कातायचो, त्यात नवल काही नव्हतं. नवल घरी आल्यावर व्हायचं. माझं सूत भागीच्या नावानं आईसमोर जायचं, आणि भागीनं आत बसून कातलेलं माझ्या नावानं!

आई सूत गालावरून ओढून बघायची. "भागे, हात बसला गं तुझा," असं म्हणायची. मग माझी कुकडी, म्हणजे सुताची गुंडी, उचलायची आणि तिचा चेहराच पडायचा. "नामा, हे काय? सात वर्षांचा होता तवापासून काततो तू. सूत हाय का सुतळी?"

गुलाबबी पिंजता पिंजता म्हणाली, "नवा नवा ब्याह है, भाबी. पोट्टे का ध्यान किधर है, पुछो नक्को!"

सगळा ओटा हसला. भागी लाजून आत पळाली. लोकांना वाटलं, लाजून. आत जाऊन ती रडत होती.

घोंगडी विणणाऱ्या सणगरानंसुद्धा सोडलं नाही. दोन्ही सुतं हातात घेऊन म्हणाला, "सुनंचं बराबर उभ्या ताण्याला घेतो. पोराचं ठेवा, मेंढरं बांधायला कामाला येईल!"

सगळ्या गावात माझ्या हाताची नाचक्की झाली. पण त्या वर्षाइतका सुखी मी पुन्हा क्वचितच झालो असेन.

*

भागीला ताप आला म्हणून तिला बैलगाडीनं जालन्याला, मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं एक नर्सबाई होती. फावल्या वेळात खाटांवरच्या बायांना क्रोशा शिकवायची. भागीची बोटं बघून तिनं लोखंडी आकडी तिच्या मुठीत दिली. चिमटीचं कामच नाही! आठ दिवसांत भागी बरी झाली आणि टोपी विणायला शिकून घरी आली.

पहिली मोठी टोपी तिनं पाटलांना केली, आमच्याच मेंढरांच्या काळ्या लोकरीची. पाटील खूश. चावडीवर ती घालून बसायचे. टोपी टोचायची, तर मधूनमधून काडीनं डोकं खाजवायचे, पण टोपी काढायचे नाहीत.

मग पाटलीणबाईंनी ती धुवायला म्हणून उकळत्या पाण्यात टाकली. लोकरच ती! निघाली तेव्हा नातवाच्या मापाची झाली होती.

पाटील दोन्ही हातांनी ती डोक्यावर दाबत होते. "आगं, माझं डोकं वाढलं का काय?"

पाटलीणबाई म्हणाल्या, "ते कवाचंच वाढल्यालं हाय. आज मापात कळलं!"

*

भागीच्या टोपीचं गावानं कौतुक केलं, आणि त्यातच घात झाला. काशीआत्या तिच्या मुठीतल्या आकडीकडं बघत बसली होती. एकदम म्हणाली, "जिला आकडी मुठीत धरावी लागती, ती एवढी बारीक तार काढती कशी?"

गुलाबबीची धनुकली थांबली.

"उद्या सांच्याला भागीनं माझ्यासमोर बसून कातावं," आत्या म्हणाली. "फकस्त एक कुकडी. बस. काय वयनी?"

आई म्हणाली, "उद्याचं उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी भागी भाकरी घेऊन रानात आली. सोबत कपड्यांचं गाठोडंही होतं. "मला तीर्थपुरीला सोडून या," ती म्हणाली. "चारचौघांत हाकलून देण्यापरीस मीच जाते."

माझ्या हातात चाती होती. तिच्याच वाटणीचं सूत कातत होतो. शेजारी दोन कुकड्या पडल्या होत्या, एक माझी बारीक, एक भागीच्या हातची गुठळ्यांची. मी म्हणालो, "जेव तर आधी."

तेवढ्यात मेंढरं बाजूला सरकली. बघतो तर मागं आई उभी.

किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं माझ्या हाताकडं पाहिलं. दोन्ही कुकड्यांकडं पाहिलं. भागीच्या गाठोड्याकडं पाहिलं. भागी उठून उभी राहिली.

आईनं खाली वाकून ते गाठोडं उचललं आणि काखेत धरलं. मग कमरेची लोकरीची थैली सोडायला लागली. गाठ सुटेना. बोटांची पेरं सुजून बोरासारखी झाली होती. शेवटी तिनं दातांनी गाठ सोडली. थैली तिच्या कित्येक दिवसांच्या वाटणीनं भरलेली होती, त्यातलं काहीच कातलेलं नव्हतं. ती तिनं माझ्या मांडीवर ठेवली. तिच्यावर आपली चाती ठेवली.

आणि सुनेचं गाठोडं घेऊन घराच्या वाटेला लागली.