जबलपूर: मामांच्या गिटारची मान

मामांचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाईकाची गिटार उघडून बसले होते. पुण्यात घरच्या घरी गिटार दुरुस्त करायचा माझा उद्योग आहे. मामा म्हणाले, "शुभा, बाकी सगळं झालं, आता फक्त मान बसवायची राहिली. येतेस का? तू फक्त पाहाजो, करीन मीच." मामा जबलपूरला संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. तरुणपणी गणेशोत्सवात गिटार वाजवायचे. आता स्वतःच्या हातानं एक बनवायची, हे त्यांनी मनावर घेतलं होतं. जबलपूर मी लहानपणानंतर पाहिलंच नव्हतं. निघाले.

पुण्याहून थेट गाडी रोज नसते. ती नाही मिळाली तर इटारसीला बदलावी लागते, मी तेच केलं. थंडीत जात असाल तर शाल हाताशीच ठेवा, पहाटे इटारसीच्या फलाटावर दात वाजतात. जबलपूर स्टेशनवर मामा स्वतः आले होते. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना त्यांनी माझा दंड धरला होता. मला वाटलं, मायेनं.

घर गढा नावाच्या जुन्या भागात, गल्ली इतकी अरुंद की रिक्षा नाक्यावरच सोडावी लागली. मामींनी पोहे आणि खव्याची जलेबी समोर ठेवली. ही जलेबी काळपट आणि जड असते, एकीतच पोट भरतं. मी दोन खाल्ल्या. मग मामांनी मागच्या पडवीत नेलं.

गिटार सुरेख झाली होती. मान दोन बोल्टवर तात्पुरती बसवली होती. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: गिटारची मान किंचित मागे कलती बसवावी लागते. कल कमी पडला तर तारा उंच राहतात आणि दाबताना बोटं सोलवटतात. जास्त झाला तर तारा खरखरतात. मानेवर सरळ पट्टी ठेवली की तिचं टोक, तारा ज्यावर बांधतात त्या ब्रिजच्या माथ्यावर हलकंच टेकायला हवं. मामांनी अशी पट्टी रिछाई औद्योगिक वसाहतीतल्या ओळखीच्या कारखान्यातून करून आणली होती. ती ठेवून ते म्हणाले, "बघ, टेकली न?"

पट्टी माथ्याच्या बरीच खाली होती. कुणालाही दिसेल इतकी.

मी म्हणाले, "छान झालंय, मामा."

स्वयंपाकघरात मामींनी हळूच सांगितलं. "एका डोळ्यानं काहीच दिसत नाही त्यांना. काचबिंदू. दुसऱ्याचंही काही खरं नाही. तुमच्याकडे कोणाला सांगू नको म्हणून राहिले."

संध्याकाळी आम्ही ग्वारीघाटला गेलो. नर्मदेची आरती, द्रोणातले दिवे, पलीकडच्या काठावरचा गुरुद्वारा. नावेत बसायचं असेल तर भाव आधी ठरवा. मामा पायऱ्या मोजत असल्यासारखे एकेक पाऊल टाकत होते आणि मी त्यांना फोटो दाखवून "हा छान आला ना?" विचारत होते. ते प्रत्येक वेळी "हो, मस्त" म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चष्म्याचं निमित्त सांगून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. रिक्षा वळली तशी मी पडवीत आले. बोल्ट सैल केले, मानेची टाच, म्हणजे तिचा खोक्याला टेकणारा बुंधा, आणि गिटारचं खोकं यांच्यामध्ये काचपेपरची पट्टी सरकवली आणि ओढत राहिले. टाचेच्या खालच्या बाजूचं लाकूड जास्त काढायचं, वरचं जवळजवळ नाहीच. असं केलं की मान मागे कलते. माझं रोजचं काम. तासाभरात मामांची पट्टी ब्रिजच्या माथ्याला अलगद टेकली. भुसा मी फुंकरीनं उडवला.

मामी दारात उभ्या होत्या. "काय करून राहिली?"

"थोडंसंच, मामी. त्यांना कशाला सांगायचं? उगाच वाईट वाटेल."

त्या आत वळल्या. मला स्वतःचं कौतुकच वाटत होतं.

दुपारी मामांनी तारा चढवल्या. संध्याकाळी शेजारचे दुबेजी आणि आणखी दोघं आले. मामांनी वाजवायला सुरुवात केली आणि गिटार खरंच गोड बोलली. तारा बोटाखाली लोण्यासारख्या. मामांचा चेहरा फुलला. "देखा दुबेजी? आँखें कमज़ोर हुईं तो क्या, हाथ तो हैं अभी. गर्दन मैंने बिठायी है, और ये मेरी भांजी गवाह है." सगळे माझ्याकडे पाहून हसले. मी मान डोलावली. मामी चहाचे कप गोळा करत होत्या.

तिसऱ्या दिवशी भेडाघाटला जायचं ठरलं होतं. सकाळी पडवीत आले तर मामा खुर्चीत बसलेले, गिटारची मान पक्की बसवायची म्हणून उतरवून मांडीवर ठेवलेली. अंगठा टाचेवरून फिरत होता.

"मी पटाशीनं काढलं होतं," ते म्हणाले. "काचपेपर लावलाच नव्हता. हे गुळगुळीत कसं झालं?"

माझी नजर कोपऱ्यातल्या काचपेपरकडे गेली.

"काहून केलं, बेटा?"

"मामा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून…"

"चुकलं होतं?"

"हो."

"तर सांगायचं होतं. मी पुन्हा केलं असतं." त्यांनी अंगठा टाचेवरून काढला. "काल सगळ्यांसमोर मी बोलून राहिलो होतो. अन् तुम्ही दोघी ऐकून राहिल्या होत्या."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मामी आत जाऊन नळ सोडून उभ्या राहिल्या, भांडी घासायची नसतानाही. मी माफी मागितली. ते "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि माझ्यासमोरच दुबेजींना फोन लावला. "दुबेजी, कल मैंने गलत बोल दिया. गर्दन भांजी ने बिठायी थी, मैंने नहीं. हाँ, सबको बता देना." मी पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिले.

मग त्यांनी टाचेवर पातळ लाकडाची चिप्पी लगेच वाळणाऱ्या गोंदानं चिकटवली. मी काढलं होतं तेवढं लाकूड त्यांनी परत लावलं. "चलो. आता मी काढतो, तू पट्टी पाहून सांग. खरं सांग."

दिवसभर तेच चाललं. ते काढायचे, मान बसवायचे, पट्टी ठेवायचे. "टेकली?" "नाही." पुन्हा उतरवायचे. "टेकली?" "नाही, मामा." एकदा त्यांचा हात घसरला आणि कड उडाली. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. ऊन उतरलं तेव्हा मी "टेकली" म्हणाले. त्यांनी माझ्या शब्दावर विसंबून न राहता पट्टीच्या टोकाखाली बोट फिरवून खात्री केली. ते मला लागलं, आणि लागावं असंच होतं.

सांध्याला एका बाजूला बारीक फट राहिली. मी मान बसवली होती तेव्हापेक्षा तारा जराशा उंच आहेत, वरच्या सुरांत वाजवताना बोट दुखतं. मामांनी दोन गाणी वाजवली, बोटं चोळली आणि मामींना म्हणाले, "आता जेवायला वाढ."

त्यामुळे भेडाघाटला कसं जायचं, नाव कुठून घ्यायची, धुवांधार धबधब्याला गर्दी कधी कमी असते, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. मी गेलेच नाही. दुसऱ्या दिवशी परतीची गाडी होती. मामा-मामी स्टेशनवर आले, या वेळी मी मामांचा हात धरला. त्यांनी तो सोडवला नाही, पण मामींच्या बाजूनं चालत राहिले.

पुण्यात नवऱ्यानं विचारलं, "कशी झाली ट्रिप?" मी म्हणाले, "जलेबी आणलीय." त्यापुढे आठवडाभर काही सांगता आलं नाही. कामावर बसले तरी "ऐकून राहिल्या होत्या" हे शब्द कानात यायचे. सांगण्याची हिंमत नव्हती, आणि त्यालाच मी माया म्हणत होते.

हे लिहायच्या आधी मामांना फोन केला. लिहू का, विचारलं.

"डोळ्यांचंही लिहिशील?"

"नको म्हणाल तर नाही."

"लिही," ते म्हणाले. "मान मी बसवली, हे लिहिजो. अन् आधी तू बसवली होती, हेही लिहिजो."

लिहिलं आहे, मामा.