लांब नाकाची मरून गाडी

अमेरिकेत, डेट्रॉईटजवळच्या नोव्हायला आले तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि मला गाडी चालवता येत नव्हती. गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीत मी नोकरीला लागले होते आणि कामावर रोज दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीतून जात होते. कंपनीच्या लॅबमध्ये सगळ्यांना याची गंमत वाटायची. माझे वडील आयुष्यभर गाडीच चालवत होते, हे मी तिथे कुणाला सांगितलं नव्हतं.

बाबा नागपूरला पाटबंधारे खात्यात ड्रायव्हर होते. आधी जीप होती, मग साहेबांची पांढरी गाडी. कॉलेजात असताना मी त्यांना म्हटलं होतं, मला शिकवा. ते म्हणाले, "तू तुझा अभ्यास कर." दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते उठून बाहेर गेले. मग मी विषय सोडला.

मला गाडी शिकवली लॅबमधल्या एका अमेरिकन बाईंनी. साठीच्या होत्या. सीटच्या फोमवर वजन दाबून तो किती खचतो ते मोजण्याचं काम आम्ही दोघी शेजारी शेजारी करायचो. एका शुक्रवारी त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी घराबाहेर उभी राहा." त्या जी गाडी घेऊन आल्या ती बघून मी मागेच सरकले. ऐंशीच्या दशकातली डेट्रॉईटची सेडान, मरून रंगाची, टपावर त्याच रंगाचं रेक्झिन, आणि पुढचं नाक इतकं लांब की ते कुठे संपतं ते आतून नीट दिसायचं नाही. ती त्यांच्या नवऱ्याची गाडी होती. ते वारले होते. सीट मखमलीच्या, बटणं लावून शिवलेल्या, पुढची सीट सलग बाकासारखी. गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर. वेग डायलवर नाही, हिरव्या आकड्यांत दिसायचा.

"हिच्यात शिकलीस तर कुठलीही चालवशील," त्या म्हणाल्या.

चार महिने दर शनिवारी शिकले. पहिल्या रोड टेस्टला गाडी मागे घेताना खुणेचा प्लास्टिकचा कोन पाडला आणि नापास झाले. दुसऱ्यांदा पास झाले, त्याच गाडीत. दोन वर्षांनी बाई बहिणीकडे ॲरिझोनाला राहायला निघाल्या तेव्हा गाडी विकायच्या आधी त्यांनी मला विचारलं. मी लगेच हो म्हटलं. माझा नवरा म्हणाला, "यार, घरात म्युझियम आणतेस का? साधी नवीन गाडी घेऊ ना." साधी नवीन गाडीही घेतलीच. मरून गाडी रविवारची. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने पत्रा गंजतो, म्हणून तेव्हा तिला बाहेर काढायची नाही, असं ठरलं, आणि ते मी बऱ्यापैकी पाळलं.

कामामुळे मला तिच्या सीटांचं फार कौतुक होतं. हल्लीची सीट माणसाला धरून ठेवते. ती सीट माणसाला आत घ्यायची. पाठीच्या दृष्टीने वाईटच, पण बसल्यावर उठावंसं वाटायचं नाही.

मुलगी आठ वर्षांची असताना बाबा पहिल्यांदा आले. आई गेल्याला वर्ष झालं होतं. एप्रिल होता, रस्ते धुऊन निघाले होते, म्हणून विमानतळावर मी मरून गाडी नेली. बाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टायर पाहिले, बॅगा स्वतः डिकीत ठेवल्या. मग ते मागच्या दाराशी गेले, दार उघडलं आणि ते धरून उभे राहिले.

मी चावी हातात घेऊन तिथेच थांबले. मला वाटलं ते बसतायत. ते माझ्याकडे बघत होते, मी बसण्याची वाट बघत. दोन-तीन सेकंद असतील. मग त्यांच्या लक्षात आलं.

"सवय," ते म्हणाले आणि दार हळूच लावलं.

"बाबा, तुम्ही बसा ना मागे. ऐसपैस आहे."

"मागून रस्ता दिसत नाही," असं म्हणून ते पुढे बसले. वाटभर त्यांचा उजवा पाय रिकाम्या जागी ब्रेक दाबत होता. नोव्हायची एक्झिट आली तेव्हा एवढंच म्हणाले, "आरशात कमी पाहतेस तू."

त्याच महिन्यात आमच्या लोकांचा जयंतीचा कार्यक्रम होता, एका शाळेच्या हॉलमध्ये. नवऱ्याला ऑफिसचं काम होतं, मुलीला वाढदिवसाचं आमंत्रण, म्हणून आम्ही दोघंच गेलो. जयभीम झाले, वंदना झाली, भाषणं झाली. जेवताना नव्यानेच आलेल्या एका इंजिनिअर मुलीने बाबांना विचारलं, "काका, तुम्ही इरिगेशनमध्ये होतात ना? ताई सांगत होत्या. कोणत्या पोस्टवर?"

"ड्रायव्हर होतो," बाबा म्हणाले. मग त्यांनी तिला आणखी थोडा भात वाढून घ्यायला सांगितलं.

मी ताटात बघत राहिले. खरं तर तिथल्या निम्म्या लोकांचे वडील अशाच नोकऱ्यांत होते. कुणाला काही वाटलं नसतं, वाटलंही नाही. तरी इतकी वर्षं मी "पाटबंधारे खात्यात होते" एवढ्यावरच थांबत आले होते.

परत येताना मी गाडी शाळेच्या आवारातून बाहेर काढली. मग बाबाच म्हणाले, "तू सांगतेस ते काही खोटं नाही. खात्यातच होतो मी."

"पूर्ण खरंही नाही ना," मी म्हटलं.

"मीच तुले गाडी शिकवली नाही. तुले वाटलं असेल, बापाले या कामाची लाज आहे."

मला तसंच वाटलं होतं. मी हो म्हटलं.

बाबांनी काच खाली केली, पुन्हा वर केली. "तू बारावीत होतीस. साहेब आणि त्यांचे एक पाहुणे मागे बसले होते. पाहुणे म्हणाले, आता यांची पोरं इंजिनिअर होणार म्हणे. साहेब हसले. मी पुढे होतो, मी काही ऐकत नाही असं दोघांनी धरलेलं. ड्रायव्हरले सगळं ऐकू येते, बोलता येत नाही. त्या दिवशी मी गाडी एकदम नीट चालवली, एक धक्का बसू दिला नाही. घरी आलो तर तू म्हणालीस, मला गाडी शिकवा. तू नंतर विचारलंस तेव्हाही मले तेच आठवलं."

"मग तेव्हाच मला सांगायचं होतंत ना."

"परीक्षा होती तुझी."

मी कॉलेजात विचारलं होतं असं माझ्या आठवणीत आहे, त्यांच्या आठवणीत बारावी. मी ते दुरुस्त केलं नाही. पुढच्या सिग्नलला मी आरशात नीट पाहिलं आणि लेन बदलली. या वेळी त्यांच्या पायाने ब्रेक शोधला नाही.

सोमवारी लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी सहज म्हणून सांगितलं की माझे वडील आलेत, ते ड्रायव्हर होते. एकाने विचारलं, ट्रक का? म्हटलं, नाही, साहेबांची गाडी. मग तो त्याच्या वडिलांबद्दल बोलायला लागला. ते कारखान्यात दारं बसवायचे. इतकं सोपं होतं ते.

बाबा सप्टेंबरात परत गेले. गाडी आणखी सहा वर्षं टिकली. गेल्या शरद ऋतूत मेकॅनिकने ती वर उचलून मला खालून दाखवली, सांगाड्याच्या पट्टीला स्क्रू ड्रायव्हर लावला तर तो गंजातून आत गेला. मीठ लागू द्यायचं नाही म्हणून एवढं जपलं, तरी ते लागलंच होतं. शेजारच्या गावातल्या एका निवृत्त जोडप्याकडे तसंच मॉडेल होतं, त्यांनी ती सुट्या भागांसाठी नेली. ट्रेलरवर चढवताना त्या जोडप्यातल्या बाई सीटवरून हात फिरवत होत्या. मखमल कशी पुसायची ते मी त्यांना सांगितलं.

संध्याकाळी बाबांना फोन केला. त्यांच्याकडे सकाळ होती.

"दिली बाबा गाडी."

"बरं केलंस," ते म्हणाले. "तिकडे लवकर शिकवतात म्हणे. नातीचं वय झालं ना आता शिकायचं? तिले कोण शिकवणार आहे, तू की जावई?"

मी म्हटलं, मीच.