आप्पांचा फ्लेक्स आणि माझा राक्षस

आता माझ्या गाढवपणाचं काय वर्णन करू? हातातला चहा आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल!

मी शिरूरला राहून कॉमिक्स काढतो. लग्न ठरलं केडगावच्या मुलीशी, पण तिचे वडील, म्हणजे आप्पा, मनातून नाराजच. "राक्षसांची चित्रं काढून संसार हुतो व्हय? रांजणगावला कंपनीत चिकटा की!" असं त्यांनी सुपारीच्या दिवशीच ऐकवलं होतं.

त्यांना खूश करायला मी एक शहाणपणा केला. त्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी स्वतःच्या हातानं त्यांचं चित्र काढलं. आठ दिवस खपलो! फेटा, उपरणं, हात जोडलेले, चेहऱ्यावर हसू. ते संपलं त्याच दिवशी नव्या कॉमिकचा राक्षसही पूर्ण झाला. शिंगं, सुळे, गळ्यात कवट्यांची माळ. आणि मिशा? आता तुमच्यापासून काय लपवायचं... आप्पांच्या! आम्ही चित्रकार चेहरे दिसतील तिथून उचलतो.

मोबाइलवरून एक चित्र केडगावच्या फ्लेक्सवाल्याला पाठवलं, एक पुण्याच्या संपादकबाईंना. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन.

"अहो, तुमचा राक्षस फेटा बांधून नमस्कार का करतोय?"

आप्पा पुण्यात, मग राक्षस कुठं?

फ्लेक्सवाल्याला फोन लावला. "सकाळीच लावला चौकात! लई भारी दिसतोय!" अरे बाबा, शिंगं दिसली नाहीत का तुला? पण त्याचा तरी काय दोष? तो रोज कुणाच्या तरी शेजारी वाघ उभा करतो, मागं ज्वाळा पेटवतो. त्याला शिंगांचं काय कौतुक!

गाडीला किक मारली. न्हावरा, चौफुला कधी गेलं कळलं नाही. वाटेत मनातल्या मनात माझं लग्न मोडलं आणि मी कंपनीच्या बसमध्येही जाऊन बसलो.

चौकात ही गर्दी! मधे आप्पा, कमरेवर हात ठेवून. वर बारा फुटी राक्षस आणि खाली 'आप्पांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'.

"जावईबापू!" आप्पा गरजले. मी थेट पायच धरले.

"आवो, उठा! हितं समदे मला गरीब गाय समजत्यात. तुम्ही बराबर वळखलं! आन् मिशा तर हुबेहूब! कंपनीचं ऱ्हाऊ द्या, तुम्ही चित्रंच काढा."

हुश्श! जीव भांड्यात पडला. खरं सांगतो, रडूच यायचं बाकी होतं.

आणि त्या आनंदात मी मोबाइल काढून आठ दिवस खपून काढलेलं खरं चित्र आप्पांना दाखवलं. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं.

"ह्ये म्हातारं कोण?"

मी मोबाइल खिशात सारला. "राक्षस आहे, आप्पा. जरा बिघडलाय."

"लईच बिघडलाय," आप्पा म्हणाले.